क्वेरी एक्स्प्रेशन की फॉरईच? आधी क्वेरी कुठे आणि कधी चालते ते बघा

तुम्ही विचारलेला प्रश्न वेगळा आहे आणि तुमची खरी अडचण वेगळी आहे, असं दोनदा वाचल्यावर लक्षात आलं. म्हणून आधी तुमचंच म्हणणं थोडक्यात मांडतो. चुकत असेन तर सांगा.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या एका कारखान्यासाठी तुम्ही बिलांचं अ‍ॅप्लिकेशन केलंय. भाषा सी शार्प, खाली डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर, आणि दोघांमध्ये दुभाष्या म्हणून एंटिटी फ्रेमवर्क कोअर. तालुकावार येणेबाकीचा रिपोर्ट क्वेरी एक्स्प्रेशननं, म्हणजे डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेसारख्या फ्रॉम-व्हेअर-सिलेक्ट शब्दांनी, लिहिलाय. तुमच्या लॅपटॉपवर 100-150 बिलांवर तो चुटकीसरशी यायचा, कारखान्यात 2 लाख बिलांवर 40 सेकंद घेतो. वर छापलेली एकूण बाकी आणि खालच्या ओळींची बेरीज कधीकधी जुळत नाही. शिवाय मुनीमजींची तक्रार आहे की काही पार्ट्यांची बाकी फुगलेली दिसते आणि काही पार्ट्या यादीत येतच नाहीत. मध्ये एक एरर येत होती, ती तुम्ही ‘अ‍ॅजइन्युमरेबल’ लावून घालवलीत. आता ऑफिसातले एक सीनियर म्हणतात, ही सगळी भानगड काढ आणि साधा फॉरईच (एकेक नोंद घेऊन फिरणारा लूप) लाव. दुसरे म्हणतात, क्वेरी एक्स्प्रेशन सोड, डॉटवाल्या मेथड वापर. आणि तुमचा प्रश्न आहे, दोघांपैकी बरोबर कोण?

तुमच्या चारही तक्रारींच्या बाबतीत बोलायचं, तर दोघंही नाहीत. तुम्ही कोणतीही पद्धत वापरली असती तरी याच चार चुका करता आल्या असत्या.

(मी हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसून फोनवर लिहितोय आणि कीबोर्ड मराठी आहे. त्यामुळे कोडमधले शब्दही देवनागरीतच येतील. टाइप करताना तुम्ही ते नेहमीच्या रूपात आणा.)

पद्धतीचा वाद आधी मिटवतो, कारण तो छोटा आहे. 2007 च्या नोव्हेंबरमध्ये डॉटनेट 3.5 आणि सी शार्प 3.0 बरोबर क्वेरी एक्स्प्रेशनची सोय आली. फ्रॉम, व्हेअर, सिलेक्ट अशा शब्दांनी तुम्ही जी क्वेरी लिहिता ती कंपायलर जशीच्या तशी ठेवत नाही. तो तिचं सरळ मेथडच्या साखळीत रूपांतर करतो. व्हेअरचं व्हेअर, सिलेक्टचं सिलेक्ट, दुसऱ्या फ्रॉमचं सिलेक्टमेनी. म्हणजे तुमचे दुसरे सीनियर जे हाताने लिहायला सांगतायत, तेच कंपायलर तुमच्यासाठी लिहितो. वेगात फरक शून्य.

वाचायला मात्र फरक पडतो, आणि इथे माझी स्वतःची आवड सांगतो. जॉइन (दोन टेबलं जोडणं) असेल, दोन-तीन फ्रॉम असतील किंवा मध्येच एखाद्या हिशेबाला नाव द्यायचं असेल, म्हणजे ‘लेट’ लागणार असेल, तिथे मी क्वेरी एक्स्प्रेशन लिहितो. डॉटच्या साखळीत तेच लिहिताना आधीची सगळी पदं एका निनावी ऑब्जेक्टमध्ये कोंबून पुढे न्यावी लागतात आणि सहा महिन्यांनी आपलंच आपल्याला कळत नाही. नुसता एक फिल्टर आणि एक सिलेक्ट असेल तर डॉट बरा. टेक, स्किप, डिस्टिंक्ट, काउंट यांना सी शार्पच्या क्वेरीत शब्दच नाहीत, तिथे कंस घालून पुढे डॉट लावावाच लागतो. दोन्हींची सरमिसळ केली म्हणून कोणी नाक मुरडत असेल तर मुरडू द्या.

एसक्यूएलमधून आलेली मुलं विचारतात की इथे सिलेक्ट शेवटी का. कारण फ्रॉम आधी आला की एडिटरला कळतं आपण कशाबद्दल बोलतोय, आणि ‘बिल’ लिहून डॉट दाबला की तो फील्ड सुचवू शकतो. बाकी त्यात काही गूढ नाही.

आता ‘कधी’. वरची बेरीज आणि खालची बेरीज न जुळण्याचं कारण इथे आहे.

मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढलो. शेजारी माग होते, त्यातल्या दोनांवर नक्षी विणणारं जकार्ड होतं. लहानपणी मला वाटायचं की भोकं पाडलेल्या त्या पत्त्यांच्या माळेतच चादर असते. शेजारच्या काकांनी एकदा हसून सांगितलं होतं, ‘‘पत्ते चढवले म्हणजे नक्षी ठरली, चादर नाही झाली. माग चालू झाल्यावर जो धागा लावलेला असेल त्याचीच चादर निघणार.’’ माग दोनदा चालवला तर दोन चादरी निघतात, आणि मध्ये धागा बदलला तर दुसरी चादर वेगळ्या रंगाची.

तुमचा ‘क्वेरी’ नावाचा व्हेरिएबल म्हणजे ती पत्त्यांची माळ. ती ओळ चालून गेली तेव्हा एकही बिल वाचलं गेलेलं नसतं. क्वेरी चालते ती तुम्ही तिच्यावर फॉरईच लावता तेव्हा, किंवा टूलिस्ट (उत्तर यादीत उतरवणं), काउंट, सम, फर्स्ट असं काही मागता तेव्हा. तुमच्या कोडमध्ये वरच्या एकूण आकड्यासाठी एकदा ‘सम’ आहे आणि खालच्या ओळींसाठी एकदा फॉरईच. म्हणजे क्वेरी दोनदा चालली, दोनदा डेटाबेसला गेली. मधल्या काही सेकंदांत काउंटरवर कोणी एका पार्टीचा हप्ता नोंदवला की वरचा आकडा जुना आणि खालच्या ओळी नव्या. ‘कधीकधी’ होतं असं तुम्ही म्हणता, त्याचं कारण हेच. लॅपटॉपवर हप्ता नोंदवणारं दुसरं कोणी नव्हतं.

उपाय एका ओळीचा आहे. क्वेरीच्या शेवटी एकदा टूलिस्ट करा, आणि सम व ओळी दोन्ही त्या लिस्टवरून काढा. पण हे वाचून जिथे-तिथे टूलिस्ट पेरू नका. क्वेरीच्या मधोमध टूलिस्ट लावलं की तिथपर्यंतचा सगळा माल मेमरीत येतो आणि पुढचे फिल्टर त्या ढिगावर चालतात. ते शेवटी हवं, गाळून झाल्यावर.

या ‘दोनदा चालण्या’नं मलाही एकदा चांगलंच तोंडघशी पाडलंय. एका सूत व्यापाऱ्यासाठी थकबाकीची आठवण करणारे एसएमएस पाठवायचे होते. मी हौसेनं सिलेक्टच्या आतच एसएमएस पाठवणारी मेथड लावली. प्रत्येक पार्टीमागे ती मेसेज पाठवायची आणि ‘गेला’ किंवा ‘नाही गेला’ असं उत्तर परत द्यायची. ती क्वेरी मी आधी लॉग फाइलमध्ये उतरवली आणि मग स्क्रीनवर दाखवली. प्रत्येक पार्टीला दोन मेसेज गेले. तेही गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, जेव्हा निम्मा बाजार पाहुण्यांत असतो. एका जुन्या व्यापाऱ्यानं मालकांना फोन करून विचारलं, ‘‘एकदा सांगून कळत नाही असं वाटलं का आम्हाला?’’ त्या दिवसापासून माझा नियम आहे. क्वेरीच्या आत फक्त बघायचं, गाळायचं, रूप बदलायचं. बाहेरच्या जगात काही घडवायचं असेल, मेसेज, प्रिंट, फाइल, डेटाबेसमध्ये लिहिणं, तर यादी हातात घ्यायची आणि साधा फॉरईच लावायचा. तेवढ्यापुरते तुमचे पहिले सीनियर अगदी बरोबर आहेत.

याच घराण्यातली आणखी एक चूक, तुमच्या कोडमध्ये दिसली नाही पण पुढे होईल म्हणून सांगतो. क्वेरीत बाहेरचा एखादा व्हेरिएबल वापरला, समजा ‘कट-ऑफ तारीख’, तर क्वेरी त्याची किंमत लिहिताना उचलत नाही, चालताना उचलते. मध्ये तुम्ही तारीख बदललीत तर नवीन तारीख लागू होईल. फॉरईचच्या लूप-व्हेरिएबलबाबतचा हाच घोळ 2012 च्या सी शार्प 5 मध्ये दुरुस्त झाला, पण साध्या ‘फॉर’ लूपमधला मोजणीचा ‘आय’ अजूनही तसाच आहे. लूप फिरवत एकावर एक फिल्टर चढवत असाल तर आतमध्ये स्थानिक व्हेरिएबल करून घ्या.

आता ‘कुठे’. 40 सेकंद इथे जातायत, म्हणून यावर जरा थांबतो.

क्वेरी एक्स्प्रेशनची गंमत आणि धोका एकच आहे. तीच अक्षरं, तोच व्हेअर, पण डाव्या बाजूला काय आहे त्यावरून त्याचा अर्थ पूर्ण बदलतो. डावीकडे आयक्वेरीएबल (डेटाबेसकडे पाठवायची क्वेरी) असेल तर कंपायलर तुमची अट चालवण्याजोगा कोड म्हणून देत नाही, अटीचं एक झाड बांधून देतो. एंटिटी फ्रेमवर्क ते झाड वाचतं, त्याचं एसक्यूएल करतं आणि गाळण्याचं काम डेटाबेसवर होतं. डावीकडे आयइन्युमरेबल (प्रोग्राममध्ये एकेक करून वाचायची यादी) असेल तर अट म्हणजे साधं फंक्शन. एकेक बिल तुमच्या प्रोग्रामपर्यंत आणायचं, फंक्शनला दाखवायचं, नको असेल तर टाकून द्यायचं. कर्नाटकातून येणाऱ्या कांद्याच्या गाड्या यार्डात आल्यावर निवडायच्या की शेतावरच निवड करून गाडी भरायची, एवढा हा फरक. भाडं कोणाच्या खिशातून जातं ते तुम्हीच बघा.

तुमच्या कोडमध्ये ‘अ‍ॅजइन्युमरेबल’ व्हेअरच्या आधी बसलंय. म्हणजे तिथून पुढचं सगळं तुमच्या प्रोग्राममध्ये. 2 लाख बिलं पूर्ण कॉलमांसकट आली, जॉइनसाठी हप्त्यांचं टेबलही आलं, आणि क्वेरी दोनदा चालत असल्यानं हे सगळं दोनदा झालं. वर एंटिटी फ्रेमवर्कनं त्यातल्या प्रत्येक बिलावर ‘हे पुढे बदललं तर सेव्ह करायचंय’ म्हणून पाळत ठेवली. 40 सेकंद लागले यात नवल नाही.

ते का लावावं लागलं? एरर काय होती ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण व्हेअरमध्ये तुमची स्वतःची ‘आर्थिक वर्ष काढा’ ही मेथड दिसतेय, त्यावरून अंदाज येतो. तुमच्या मेथडच्या आत काय आहे हे एंटिटी फ्रेमवर्कला दिसत नाही, त्यामुळे तिचं एसक्यूएल करता येत नाही. जुन्या आवृत्त्या अशा वेळी गुपचूप सगळं टेबल आणून प्रोग्राममध्ये गाळायच्या. 2019 मध्ये आलेल्या 3.0 पासून ते बंद झालं आणि सरळ एरर येऊ लागली. त्या एररच्या मजकुरात दोन सल्ले असतात. एक, क्वेरी भाषांतर होईल अशी लिहा. दोन, नाहीतर अ‍ॅजइन्युमरेबल किंवा टूलिस्ट लावून काम स्वतःकडे घ्या. घाईतला माणूस दुसरा सल्ला उचलतो, कारण तो एका शब्दाचा आहे. मीही उचललाय. पण ती एरर म्हणजे गाडी भरण्याआधी वाजलेली घंटा होती, आणि आपण घंटाच काढून ठेवली.

पहिला सल्ला इथे अवघड नाही. आर्थिक वर्ष म्हणजे शेवटी दोन तारखा. त्या क्वेरीच्या बाहेर काढा आणि आत फक्त तुलना ठेवा. ‘तारीख 1 एप्रिलच्या बरोबर किंवा नंतर, आणि पुढच्या 1 एप्रिलच्या आधी.’ शेवटची तारीख 31 मार्च घेऊन ‘लहान किंवा बरोबर’ लिहू नका. तारखेच्या कॉलममध्ये वेळही असेल तर 31 मार्चला संध्याकाळी फाडलेलं बिल त्यातून निसटतं, आणि वर्षअखेरीला आपल्याकडे सगळ्यात जास्त बिलं संध्याकाळीच फाटतात. अशा सरळ तुलनेचा दुसरा फायदा म्हणजे तारखेवर इंडेक्स असेल तर डेटाबेस तो वापरू शकतो. कॉलमलाच फंक्शनात गुंडाळलं की सहसा वापरत नाही.

जाता जाता मुनीमजींना एक विचारा. येणेबाकीला वर्षाचा फिल्टर हवाय तरी का? मागच्या वर्षाची न आलेली रक्कम या वर्षी माफ होत नाही. हा कोडचा प्रश्न नाही, पण तुम्ही तो विचारला नाहीत तर रिपोर्ट बरोबर चालूनही चुकीचाच राहील.

इथे एक ‘परिस्थितीवर अवलंबून’ सांगायला हवं. प्रोग्राममध्ये गाळणं हे पाप नाही. टॉवेलच्या डिझाइनची 300 ओळींची यादी तुम्ही सुरुवातीलाच मेमरीत घेतली असेल तर तिच्यावर आयइन्युमरेबलच बरा, दरवेळी डेटाबेसला जाण्यात अर्थ नाही. प्रश्न आकाराचा आणि वाढीचा आहे. डिझाइन वर्षाला 10-20 वाढतील, बिलं रोज वाढतात.

‘कुठे’चाच एक लपलेला प्रकार बघा. डेटाबेसमधून माल आणून देणाऱ्या तुमच्या रिपॉझिटरी क्लासमधली ‘सगळी बिलं द्या’ ही मेथड आयइन्युमरेबल परत देते. उद्या तुम्ही क्वेरीतलं अ‍ॅजइन्युमरेबल काढलंत तरी ही मेथड तेच काम गुपचूप करत राहील, कारण परतीचा प्रकारच तो आहे. क्वेरी वाचून हे कधीच कळणार नाही. एक तर तिथे आयक्वेरीएबल परत द्या, किंवा गाळणीच त्या मेथडच्या आत न्या. मला दुसरं जास्त पटतं, पण छोट्या टीमला पहिलं पुरतं.

आणि खात्री अंदाजानं करू नका, एसक्यूएल बघा. एंटिटी फ्रेमवर्क कोअर 5 पासून आयक्वेरीएबलवर ‘टूक्वेरीस्ट्रिंग’ म्हटलं की जाणारं एसक्यूएल हातात येतं. ‘लॉगटू’ लावलं तर प्रत्येक क्वेरी डोळ्यांसमोरून जाते. त्यात तुमचा व्हेअर दिसला नाही तर तो डेटाबेसपर्यंत पोचलेलाच नाही. आणि रिपोर्ट एक, पण लॉगमध्ये क्वेऱ्या 300 दिसल्या तर लूपमध्ये कुठेतरी ‘बिल.पार्टी.नाव’ असं लिहिलं असेल आणि लेझी लोडिंग (जोडलेली माहिती लागेल तेव्हाच वेगळी आणणं) चालू असेल. तेव्हा प्रत्येक पार्टीसाठी एक फेरी होते.

कुर्डुवाडी गेलं, चहा आला. आता फुगलेली बाकी आणि गायब पार्ट्या. वेगाची तक्रार मालक करतात, पण ही तक्रार जास्त गंभीर आहे, कारण रिपोर्ट लगेच आला म्हणून त्यावर विश्वास ठेवून कोणी चुकीच्या माणसाच्या दारात वसुलीला जाऊ शकतं.

तुम्ही बिलं आणि हप्ते यांचा जॉइन केलाय आणि मग बिलाच्या रकमेतून हप्त्यांची बेरीज वजा केलीय. एक उदाहरण कागदावर करू. बिल 42,000 रुपयांचं. पार्टीनं 10,000 चे 3 हप्ते दिले. बाकी 12,000. जॉइन केल्यावर हे एक बिल तीन ओळींत येतं, प्रत्येक ओळीत 42,000 आहेतच. ओळींची बेरीज केली की बिल 1,26,000 चं झालं, जमा 30,000, बाकी 96,000. पार्टी जितकी प्रामाणिकपणे थोडे थोडे पैसे देत राहील तितकी तिची बाकी फुगत जाणार! एकरकमी देणाऱ्याचा हिशेब मात्र बरोबर येतो, म्हणून टेस्टिंगमध्ये हे सापडत नाही. लॅपटॉपवरच्या डेटात तुम्ही प्रत्येक बिलाला एकच हप्ता दिला असणार.

आणि ज्या पार्टीनं एकही हप्ता दिलेला नाही, तिच्या बिलाला हप्त्यांच्या टेबलात जोडीदारच नाही. साधा जॉइन जोडी नसलेली ओळ टाकून देतो. म्हणजे ज्यांनी एक रुपयाही दिला नाही तेच तुमच्या येणेबाकीतून बाहेर. मुनीमजी ओरडणार नाहीत तर काय.

दुसऱ्या दोषावर लोक लेफ्ट जॉइनचा उपाय सांगतात. क्वेरी एक्स्प्रेशनमध्ये तो ‘जॉइन, इंटू, मग डिफॉल्टइफएम्प्टी’ असा लांबच्या रस्त्यानं करावा लागतो. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या डॉटनेट 10 मध्ये लेफ्टजॉइन नावाची सरळ मेथड आली. पण तुमच्या बाबतीत लेफ्ट जॉइननं गायब पार्ट्या परत येतील, फुगलेली बाकी फुगलेलीच राहील. दोन्ही दोषांचं मूळ एक आहे. तुम्हाला हप्त्यांच्या ओळी नकोच आहेत, प्रत्येक बिलामागे त्यांची एक बेरीज हवी आहे. मग जॉइन न करता बेरीजच मागा:

फ्रॉम बिल इन डीबी.बिलं
व्हेअर बिल.तारीख >= वर्षारंभ && बिल.तारीख < पुढचावर्षारंभ
लेट जमा = बिल.हप्ते.सम(ह => ह.रक्कम)
व्हेअर बिल.रक्कम > जमा
सिलेक्ट न्यू { बिल.पार्टी.नाव, बिल.पार्टी.तालुकाआयडी, बाकी = बिल.रक्कम - जमा }

बिल एकदाच मोजलं जातं. हप्ते नसतील तर जमा शून्य. ‘लेट’मुळे तीच बेरीज दोन ठिकाणी लिहावी लागली नाही, आणि वाचणाऱ्याला ‘जमा’ हा मुनीमजींच्या वहीतला शब्द दिसतो. सिलेक्टमध्ये फक्त तीन गोष्टी मागितल्यात, त्यामुळे एसक्यूएलमध्येही तेवढेच कॉलम येतील आणि पाळत ठेवण्याचा प्रश्नही येत नाही, कारण पूर्ण बिल परत येतच नाही. पूर्ण ऑब्जेक्टच नुसता दाखवायला हवा असेल तर ‘अ‍ॅजनोट्रॅकिंग’ लावायचं.

शून्यावरून आठवलं. रिकाम्या यादीची सम शून्य येते, पण मेमरीतल्या रिकाम्या यादीवर अ‍ॅव्हरेज किंवा मॅक्स मागितलं तर साध्या आकड्यांच्या बाबतीत एरर येते. ‘करमाळ्यातली सर्वांत मोठी बाकी’ असा रकाना कधी केलात आणि करमाळ्यात सगळ्यांनी पैसे चुकते केलेले असले, तर त्या आनंदाच्या दिवशी तुमचा रिपोर्ट बंद पडेल.

तालुकावार गट कुठे करायचे? सगळं एकाच क्वेरीत करण्याचा मोह होईल. इथे मात्र मी सांगेन की करू नका. प्रत्येक बिलाच्या आत एक सबक्वेरी (हप्त्यांच्या बेरजेची छोटी क्वेरी) आहे, आणि सबक्वेरी असलेल्या पदावर थेट पुन्हा सम एसक्यूएल सर्व्हर घेत नाही. तिथे डोकं लावत बसण्यापेक्षा वरच्या क्वेरीवर टूलिस्ट करा आणि गट मेमरीत पाडा. 2 लाखांतून थकलेली बिलं काही हजार उरतील, तेवढ्यांचे गट पाडायला प्रोग्रामला वेळ लागत नाही. गाळणं डेटाबेसकडे, मांडणी आपल्याकडे. रिपोर्ट यापेक्षा गुंतागुंतीचा झाला तर सरळ डेटाबेसमध्ये व्ह्यू (तिथेच साठवलेली क्वेरी) लिहितो मी, त्यात कसला कमीपणा नाही.

क्वेरीत मी तालुक्याचं नाव न घेता तालुकाआयडी घेतलाय, ते मुद्दाम. तुमच्या डेटात तालुका हा हाताने टाइप केलेला मजकूर आहे, आणि तुम्ही पाठवलेल्या पाच-सहा ओळींतच ‘उत्तर सोलापूर’, ‘उ. सोलापूर’ आणि ‘उत्तर सोलापुर’ असे तीन तालुके झालेत. ग्रूप बाय करताना हे तीन गट. मराठीत तर न दिसणारे फरकही असतात. ‘कऱ्हाड’ लिहिताना एक जण ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतो, दुसरा ‘र’ला हलन्त आणि न दिसणारा जोडचिन्हाचा कोड लावतो. पडद्यावर दोन्ही सारखे, तुलनेत वेगळे. युनिकोड नॉर्मलाइज केल्यानंही हे दोन एक होत नाहीत. शिवाय सी शार्पमधली ‘बरोबर’ची तुलना कोडला कोड लावून होते, आणि एसक्यूएल सर्व्हरमधली त्या कॉलमच्या कोलेशनप्रमाणे, म्हणजे अक्षरांच्या तुलनेच्या ठरवलेल्या नियमांप्रमाणे. म्हणजे व्हेअर डेटाबेसवरून प्रोग्राममध्ये सरकला की इंग्रजीतल्या ‘सोलापूर’मधलं पहिलं अक्षर मोठं की लहान एवढ्यावरूनही उत्तर बदलू शकतं. क्वेरीत ट्रिम आणि रिप्लेस लावत बसू नका. जिल्ह्यात तालुके 11 आहेत. 11 ओळींचं एक टेबल, एंट्रीच्या वेळी त्यातून निवड, बाहेरच्या पार्ट्यांसाठी वेगळा जिल्हा कॉलम. जुना डेटा एकदा बसून साफ करा. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचंय.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी जॉइन काढून वरच्यासारखी बेरीज, कारण चुकीचा आकडा लवकर येण्यात फायदा नाही. मग आर्थिक वर्षाची मेथड जाऊन दोन तारखा, त्याबरोबर अ‍ॅजइन्युमरेबल बाहेर आणि रिपॉझिटरीचा परतीचा प्रकार बघून घेणं. शेवटी एकच टूलिस्ट. प्रत्येक पायरीनंतर एसक्यूएल बघा. एवढं करूनही रिपोर्ट रेंगाळला तर हप्त्यांच्या टेबलात बिलआयडीवर इंडेक्स आहे का ते तपासा. नसेल तर प्रत्येक बिलामागे ते टेबल धुंडाळलं जात असेल.

आणि हे झाल्यावर रिपोर्ट मालकांना दाखवण्याआधी मुनीमजींकडे जा. त्यांच्या वहीतून तीन पार्ट्या निवडा. तीन-चार हप्त्यांत पैसे देणारी एक, अजून एक रुपयाही न दिलेली एक, आणि 31 मार्चला संध्याकाळी बिल फाडलेली एक. तिघांची बाकी वहीप्रमाणे आली की मला कळवा. न आल्यास त्या पार्टीपुरतं टूक्वेरीस्ट्रिंगचं एसक्यूएल पाठवा, नावं काढून.